मेंदूतल्या तारेचं तोंड कुणीकडे?



मेंदूचं मोठं ऑपरेशन करून माणूस घरी आला की भेटायला येणारे दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला खर्चाचा. दुसरा थोडा दबक्या आवाजात: “तार बसवून झाली, टाके पडले, मग पुन्हा सीटी कशाला काढली? बिल वाढवायला का?” आपल्या लोकांचा हा संशय उगाच आलेला नाही. नको त्या तपासण्यांचा अनुभव प्रत्येक वस्तीत दोन-चार घरांना तरी असतोच. पण या एका बाबतीत ती सीटी फुकट जात नाही. उलट ती नीट जपली तर पुढच्या कित्येक फेऱ्या वाचतात. ते कसं, हे समजायला आधी आजार समजून घेऊ.

आजार आहे कंपवात, म्हणजे पार्किन्सन. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांची निरीक्षणं मांडून या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव पडलं. मेंदूच्या तळाशी काळसर रंगाच्या पेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन नावाचं द्रव्य तयार करतात. त्या हळूहळू मरू लागल्या की हालचालीवरचा ताबा सुटतो. हात विसावलेला असताना थरथरतो, चाल बारीक होते, अंग ताठरतं, सही लहान-लहान होत जाते, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात.

वस्तीत याचे भलतेच अर्थ निघतात. हात थरथरतो म्हणजे माणूस पीत असणार. चेहरा हलत नाही म्हणजे कुणावर तरी रुसलाय. काही घरांत अजूनही करणीची कुजबुज होते आणि “मागच्या जन्माचं भोगतोय” असंही कुणीतरी बोलून जातं. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मागच्या जन्मीच्या कर्माची ही समजूत स्पष्टपणे नाकारली आहे. घरात तो ग्रंथ असेल तर कर्मावरचा भाग काढून त्या कुजबुजणाऱ्याला वाचायला द्यावा. आजाराला कारण असतं, ते मेंदूत असतं आणि त्यावर उपचार असतात.

उपचाराची सुरुवात गोळ्यांनीच होते. लेव्होडोपा हे मुख्य औषध. मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. सुरुवातीची काही वर्षं गोळी छान काम करते. पुढे तिचा अंमल लवकर उतरू लागतो. सकाळी आठची गोळी दहालाच संपते आणि माणूस खुर्चीत अडकून बसतो. डोस वाढवला तर अंग आपोआप वळवळू लागतं. असा ‘चालू-बंद’ खेळ गोळ्यांची मांडणी बदलूनही आटोक्यात येत नसेल, तर ऑपरेशनचा विचार होतो.

मेंदूचा पेसमेकर

फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात डॉ. आलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये हा मार्ग दाखवला. त्याआधी थरथर थांबवण्यासाठी मेंदूतला बारीकसा भाग जाळून टाकत असत. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना हे बघायला तिथे हलका विद्युतप्रवाह देत. बेनाबिद यांच्या लक्षात आलं की प्रवाहाचे ठोके सेकंदाला शंभराच्या पुढे नेले की थरथर तिथल्या तिथे थांबते आणि प्रवाह बंद केला की परत येते. मग जाळायचं कशाला? तारच ठेवून द्यावी आणि छातीत कातडीखाली बॅटरी बसवावी. १९९३ पासून त्यांच्या गटाने सबथॅलॅमिक केंद्रक नावाच्या जागेत तार बसवून कंपवाताची इतर लक्षणंही कमी करून दाखवली. आज कंपवातासाठी बहुतेक ठिकाणी हीच जागा निवडतात.

आपल्या राज्यात मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हे काम उभं केलं. सरकारी संस्थांपैकी दिल्लीचं एम्स, बंगळुरूचं निम्हान्स आणि तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा ही नावं माहीत असावीत. आपल्या शहरातला रुग्ण आधी घाटीत किंवा एखाद्या मेंदूविकारतज्ज्ञाकडे दाखवतो आणि ऑपरेशन ठरलं तर बहुधा मुंबई किंवा पुण्याची वाट धरतो.

एक गोष्ट आताच सांगून टाकते. या ऑपरेशनने आजार बरा होत नाही. गोळीने जे लक्षण सुधारतं तेच बहुधा तारेने सुधारतं, आणि दिवसभर टिकतं. तोल जाऊन पडणं, विसराळूपणा, अडखळणारं बोलणं यांना तिचा फारसा उपयोग नाही. बोलणं तर कधीकधी बिघडतंही. म्हणूनच कुठल्याही चांगल्या केंद्रात आधी गोळी बंद ठेवून आणि मग गोळी देऊन माणूस किती फरकाने हलतो ते मोजतात, स्मरणशक्ती तपासतात आणि मगच होकार देतात. पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख देणाऱ्याकडून उठून यावं.

कंदील आणि बॅटरी

आता मूळ मुद्दा. सबथॅलॅमिक केंद्रक हे काही मिलिमीटरचं असतं, जवळपास हरभऱ्याच्या डाळीएवढं. त्याच्या आजूबाजूला मोक्याच्या वाटा आहेत. बाहेरच्या बाजूला हात-पाय-तोंडाच्या स्नायूंकडे जाणाऱ्या तंतूंचा मोठा जुडगा आहे. प्रवाह तिकडे सांडला की चेहरा किंवा हात ओढला जातो, जीभ जड होते. मागच्या बाजूला स्पर्शाची वाट आहे, तिथे गेला तर मुंग्या येतात. आतल्या बाजूला डोळे फिरवणाऱ्या नसेचे तंतू आहेत, तिथे गेला तर एकाचे दोन दिसतात. म्हणजे एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले की फायदा कमी आणि त्रास जास्त.

पूर्वीच्या तारांच्या टोकाला चार धातूच्या कड्या असत. कडीतून निघणारा प्रवाह कंदिलाच्या उजेडासारखा चारी बाजूंना सारखा पसरतो. वात वर-खाली करता येते, उजेड कमी-जास्त करता येतो, पण एकाच भिंतीवर पाडता येत नाही. शेजारच्या वाटेला धक्का लागला की प्रवाह कमी करणं एवढाच उपाय उरे, आणि प्रवाह कमी केला की थरथर परत.

२०१५-१६ च्या सुमाराला दिशादर्शक तारा वापरात आल्या. जाडी तीच, साधारण सव्वा मिलिमीटर. पण मधल्या दोन कड्यांचे प्रत्येकी तीन तुकडे केलेले. आपण त्यांना पाकळ्या म्हणू. खाली एक अखंड कडी, वर एक अखंड कडी, मध्ये तीन-तीन पाकळ्या, असे एका तारेवर आठ बिंदू. आता प्रवाह एकाच पाकळीतून सोडता येतो. कंदिलाऐवजी हातात बॅटरी आली, हवा तिकडे झोत पाडा.

पण अंधारात बॅटरी हातात दिली आणि तिचं तोंड कुणीकडे आहे हेच माहीत नसेल तर? दिशादर्शक तारेत नेमकी हीच अडचण आहे. तार गोल आहे. कवटीतल्या छिद्रातून ती खोल गेल्यावर कुठली पाकळी पुढे आणि कुठली मागे, हे वरून दिसत नाही. यासाठी कारखान्यातच तारेवर पाकळ्यांच्या वरच्या बाजूला एक छोटी खूण केलेली असते. ती एक्स-रेत दिसते. सर्जन सहसा ही खूण रुग्णाच्या कपाळाकडे येईल अशी तार धरून बसवतात.

बसवतात तशीच ती राहते का? पुष्कळदा नाही. अंगणातला रबरी पाइप आठवा. नळाशी पीळ दिला तर दुसरं टोक लगेच फिरत नाही. पीळ पाइपात साठून राहतो आणि पाइप मोकळा सोडला की टोक आपसूक वळतं. तारेचंही तसंच होतं. तिला कवटीशी पक्कं करताना, उरलेला भाग कातडीखाली गुंडाळताना आणि कानामागून छातीकडे नेताना पीळ पडतो आणि आतलं टोक फिरतं. जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठ रुग्णालयातल्या संशोधकांनी ऑपरेशननंतरच्या सीटी तपासून २०१९ मध्ये हे प्रसिद्ध केलं. ठरवलेल्या दिशेपेक्षा पुष्कळ तारा फिरलेल्या निघाल्या, काही तर काटकोनापर्यंत. ही सर्जनची चूकच असते असं समजू नये, तारेचा गुणधर्मच तसा आहे.

हिशोब सोपा आहे. तीन पाकळ्या म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला वर्तुळाचे १२० अंश. तार ६० अंश फिरली की जिथे पाकळीचं तोंड हवं तिथे दोन पाकळ्यांमधली फट येते. डॉक्टर पडद्यावर ‘पुढची पाकळी’ निवडतात आणि प्रत्यक्षात प्रवाह तिरका बाहेर जातो. रुग्णाची जीभ जड होते. घरचे म्हणतात ऑपरेशन फसलं. डॉक्टर म्हणतात आजार वाढला. खरं तर फक्त तोंड वळलेलं असतं.

चित्रातला दोष कामाला आला

सीटी स्कॅनमध्ये एक्स-रेचा झोत डोक्याभोवती फिरतो आणि सगळ्या बाजूंनी घेतलेल्या मोजमापांवरून संगणक आतलं काप-काप चित्र तयार करतो. मध्ये धातू आला की गणित बिघडतं. धातूभोवती पांढऱ्या-काळ्या रेघांचा तारा उमटतो. दातात चांदी भरलेल्या माणसाच्या सीटीत असे पट्टे दिसतात, ते डॉक्टरांना नकोसे असतात. इथे मात्र हाच दोष कामी येतो. तारेवरची खूण गोल नाही, एका बाजूला आहे. त्यामुळे खुणेच्या पातळीवरच्या कापात रेघाही सगळीकडे सारख्या उमटत नाहीत. दोन ठळक पांढऱ्या रेघा समोरासमोर दिसतात, एक खुणेच्या दिशेला आणि एक बरोबर उलट. त्याखालच्या पाकळ्यांच्या पातळीवर फटींमुळे वेगळीच नक्षी उमटते. रेघांचा कोन मोजला की तार किती फिरली ते कळतं.

यात एक पेच आहे, तो तुमच्या लक्षात आला असेल. दोन रेघा समोरासमोर आहेत, मग खरी कुठली? तोंड पुढे आहे की पाठीमागे? दोन उत्तरांत १८० अंशांचा फरक. इथे सर्जनची नोंद उपयोगी पडते. खूण कपाळाकडे धरली होती असं लिहिलेलं असेल, तर सहसा त्या दिशेला जवळची रेघ खरी धरतात, कारण तार पूर्ण उलटी फिरणं विरळाच. नोंदच नसेल तर? बाजूने काढलेल्या साध्या एक्स-रेतही खुणेचा आकार बघून अंदाज येतो. शिवाय कोलोनच्याच गटाने २०२१ मध्ये दाखवलं की खुणेचा धातू एका अंगाला असल्याने रेघांचा मध्यही किंचित एका बाजूला सरकलेला असतो, आणि तेवढ्या फरकावरून पुढची-मागची बाजू ओळखता येते. हे गणित करणारी त्यांची पद्धत ‘लीड-डीबीएस’ नावाच्या संगणक-प्रणालीत घातलेली आहे. ती संशोधनासाठी कुणालाही फुकट मिळते. महागड्या तारेची दिशा शोधण्याचं साधन फुकट असावं, हे मला फार आवडलं.

दिशा कळली की पुढचं काम जुळवणीचं. ऑपरेशनआधीच्या एमआरआयमध्ये ती डाळीएवढी जागा आणि आजूबाजूच्या वाटा दिसतात, पण तार नसते. नंतरच्या सीटीत तार झळकते, पण ती जागा नीट दिसत नाही. म्हणून संगणकावर दोन्ही चित्रं एकावर एक बसवतात. मग कुठली पाकळी डाळीकडे आणि कुठली स्नायूंच्या जुडग्याकडे हे एका चित्रात येतं.

हे सगळं सीटीच्या दर्जावर अवलंबून आहे. काप बारीक हवेत, एक मिलिमीटरचे किंवा त्याहून कमी. खूण इतकी लहान असते की पाच मिलिमीटरच्या कापात ती हरवून जाते. डोकं सरळ हवं, कारण तार यंत्राच्या अक्षाला फार तिरकी पडली तर रेघांचा कोन विश्वासाने मोजता येत नाही. आणि डोकं हलता कामा नये. थरथरणाऱ्या माणसाला “हलू नका” म्हणून ओरडून उपयोग नसतो. गोळीचा अंमल असताना सीटी ठेवायला सांगणं आणि मानेखाली नीट आधार आहे का ते बघणं, एवढं सोबतच्या माणसाने करावं. कवटी उघडल्यावर थोडी हवा आत शिरते आणि मेंदू किंचित सरकतो. ती हवा काही दिवसांत जिरते. म्हणून रक्तस्राव बघायला लगेच एक सीटी काढली तरी तारेची पक्की जागा बघायला काही ठिकाणी आठवड्यांनी दुसरी काढतात. दुसऱ्या सीटीचं कारण विचारायला मात्र लाजू नये.

दिशा न बघता काम होतच नाही का? होतं. डॉक्टर एकेक बिंदू सुरू करून, प्रवाह थोडा-थोडा वाढवत फायदा आणि त्रास लिहून घेतात. पण दोन बाजूंचे मिळून सोळा बिंदू. सकाळची गोळी न घेता, अंग आखडलेल्या अवस्थेत माणसाला तासन्‌तास बसावं लागतं. एका दिवसात संपलं नाही तर पुन्हा देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास, पुन्हा सोबत्याची रोजी बुडणार. चित्र हाताशी असेल तर सुरुवात कुठून करायची ते ठरतं आणि फेऱ्या कमी होतात. शेवटचा कौल तरीही रुग्णाच्या अंगाचाच. चित्र म्हणतं ही पाकळी उत्तम आणि त्या पाकळीने जीभ अडखळते, तर डॉक्टरांनी जिभेचं ऐकावं.

घरच्यांनी काय जपायचं

आपल्या घरांत एक्स-रेची फिल्म खिळ्याला टांगून वर्षानुवर्षं राहते आणि सीडी मात्र पोरं खेळायला नेतात. इथे उलटं करायला हवं. फिल्मवर निवडक काप असतात, दिशा मोजायला सगळे काप लागतात आणि ते सीडीत किंवा पेनड्राइव्हमध्येच मिळतात. ऑपरेशनआधीचा एमआरआय आणि नंतरची सीटी, दोन्हींची पूर्ण प्रत डिस्चार्जच्या वेळी मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावर तारेचं मॉडेल आणि खूण कोणत्या दिशेला ठेवली होती ते लिहून मागा. यंत्राचं ओळखपत्र मिळतं, ते रुग्णाच्या खिशात असू द्या. पुढे डॉक्टर बदलले, शहर बदललं, तरी नव्या माणसाला चाचपडावं लागत नाही.

प्रवाह बदलून घरी आल्यावर बोलणं जड झालं, चेहरा ओढला गेला, दोन-दोन दिसू लागलं, किंवा माणूस अचानक फार उतावळा, चिडका किंवा उदास झाला, तर “वयामुळे असेल” म्हणून सोडू नका. कोणत्या दिवशी काय बदललं आणि त्रास कधी सुरू झाला ते वहीत लिहा. पहिला प्रश्न विचारा: पाकळी बदलून बघता येईल का? आणि दुसरा: तारेची दिशा सीटीवर मोजली आहे का?

खर्च कित्येक लाखांत जातो हे खरं. यंत्राचाच त्यात मोठा वाटा असतो. बॅटरी साधी असेल तर तीन ते पाच वर्षांनी बदलावी लागते, चार्ज होणारी पंधरा वर्षं किंवा जास्त चालते पण आधी महाग पडते. हा हिशोब ऑपरेशनच्या आधी करावा, दागिने मोडल्यावर नव्हे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून लेखी विचारून घ्या. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जावं, बिलिंगच्या खिडकीवर नव्हे. आणि दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत पार्किन्सनचा समावेश आहे, हे फार कमी घरांना माहीत आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर पुढच्या सवलतींचा रस्ता उघडतो.

विनयपिटकात अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्खूची गोष्ट आहे. बाकीच्यांनी त्याला टाकलं होतं. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन काढलं. कंपवाताच्या माणसाला गुंडी लावायला पाच मिनिटं लागतात, त्या पाच मिनिटांत घरातलं कुणी खेकसलं नाही तरी मोठी सेवा होते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठीची संस्था आहे, तिथे रुग्ण आणि घरचे एकत्र भेटतात. आपल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर अशा दोन-चार घरांना एकत्र बसवता आलं तर सुरुवात होईल.

आता सगळ्यांत धोक्याची गोष्ट. तार बसवलेल्या माणसाला गुडघा किंवा पाठदुखीसाठी गल्लीतल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मशीनचा शेक देऊ नका. डायथर्मीच्या यंत्राने तार तापते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो. यंत्र बंद असलं तरी धोका तोच आणि शेक पायाला दिला तरी तोच. अल्ट्रासाउंडचा शेकही त्यातच आला. पोटाची सोनोग्राफी वेगळी, ती चालते. गरम पाण्याची पिशवी चालते. एमआरआय सांगितला तर ओळखपत्र दाखवून, यंत्र बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच आत जावं. दुसरं कुठलंही ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावं. आणि कंपवाताच्या गोळ्या एकाएकी बंद करू नयेत, तार कितीही छान चालत असली तरी. त्या कमी होतात, पण हळूहळू, डॉक्टरांच्या हिशोबाने.